पेन्शनर मेळाव्याची कॅसेट

विलासरावांनी कुणाला न विचारता डीव्हीडी रेकॉर्डर विकत आणला, तेव्हाच प्रमोदिनीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. आणि का चुकचुकू नये? हा माणूस चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत काढून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेला. कुकरची रबरी रिंग घ्यायची तरी तीन दुकानांत भाव विचारणार, घरी येऊन कागदावर तक्ता मांडणार, आणि मग दोन दिवस विचार करणार. असा माणूस एका मंगळवारी एकटाच मेट्रोत बसतो काय, आणि संध्याकाळी भलंमोठं खोकं काखेत मारून दारात उभा राहतो काय!

"अहो, हे काय?"

"रेकॉर्डर."

"ते दिसतंय. कशाला?"

"तुझ्या सिरियली. भजनाला गेलीस की बुडतात ना? आता बुडणार नाहीत."

प्रमोदिनीबाईंचे कान तिथेच टवकारले. बत्तीस वर्षांच्या संसारात विलासरावांनी त्यांच्या सिरियलींबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द होता. बायकोच्या सिरियलीसाठी नवरा एवढा खर्च करतो, हे त्यांना पटेना. त्यांनाच काय, दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या अख्ख्या सोसायटीत कुणालाही पटलं नसतं.

एरवी त्यांनी हा विषय हसून सोडून दिला असता. पण दिवस नाजूक होते. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी हेमांगीचे आईवडील घर बघायला येणार होते. हेमांगी म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, आशयची, होणारी बायको. गुडगावला त्याच्याच ऑफिसात होती. एप्रिलात घरी ओळख करून दिली, डिसेंबरात लग्न, असं सगळं झटपट ठरलं होतं. आशयचं हे दुसरं लग्न. पहिलं देवयानीशी झालं, तीन वर्षं टिकलं, आणि दोन वर्षांपूर्वी कोर्टात संपलं. का संपलं? तर मुलगी संशयी निघाली. नवऱ्याला ऑफिसात उशीर झाला की हिच्या डोक्यात किडे वळवळायचे. प्रमोदिनीबाईंनी पुण्यापासून ठाण्यापर्यंतच्या समस्त नातेवाइकांना फोन करकरून हे सांगितलं होतं, आणि सांगता सांगता त्यांचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला होता.

विलासराव मात्र यावर कधी हो म्हणाले नव्हते, की नाही म्हणाले नव्हते. विषय निघाला की चष्मा काढून पुसत बसायचे. प्रमोदिनीबाईंना भीती होती ती या चष्मा पुसण्याची. रविवारी नव्या व्याह्यांसमोर विषय निघाला आणि हा माणूस असाच चष्मा पुसत बसला, तर? आपलाच नवरा मनातून तिकडच्या पार्टीला मिळालेला असला, तर? मग चूक कुणाची ठरली? घराची. म्हणजे आशयची, आणि त्याच्या आईची. रविवारच्या आत विलासराव कुठे उभे आहेत ते त्यांना कळायलाच हवं होतं.

म्हणून त्यांनी पाळत ठेवली. हो, पाळतच. त्याला दुसरा शब्द नाही.

बुधवारी भजनाहून परत आल्या त्या थेट हॉलमध्ये गेल्या, आणि लहान पोराचा ताप बघावा तसा त्यांनी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. टीव्ही गरम. विलासराव आरामखुर्चीत डोळे मिटून.

"काय बघत होतात?"

"मी? झोपलो होतो."

"अच्छा. आणि टीव्हीला ताप आलाय वाटतं?"

विलासरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ते दूध आणायला खाली उतरले, तेव्हा बाईंनी टीव्हीखालच्या पडद्यामागे डोकावून पाहिलं. माळ्यावरचा जुना व्हीसीआर, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून इथे आल्यापासून जो कधी खाली उतरला नव्हता, तो पुसून-बिसून रेकॉर्डरच्या शेजारी बसला होता. दोघांना लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरींनी जोडलेलं. व्हीसीआरचं बटण दाबलं तर कॅसेट बाहेर आली. तिच्यावर विलासरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'पेन्शनर मेळावा, १९९९.'

प्रमोदिनीबाई कपाळावर हात मारून खालीच बसल्या. पेन्शनर मेळावा चोरून कोण बघतं? आणि विलासराव रिटायर झाले दोन हजार तीन साली. नव्याण्णव साली हे कुठले पेन्शनर? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि भरपूर मुरत होतं.

त्यातच सोमवारी शेजारच्या लताताईंनी भर घातली. "काल विलासराव आनंद विहारच्या बस अड्ड्यावर दिसले हो आमच्या यांना. गाझियाबादच्या बसमध्ये चढत होते. हातात संत्र्यांची पिशवी." एवढं बोलून लताताई गोड हसल्या, आणि आता पुढे काय होतं ते बघायला तिथेच रेंगाळल्या. बाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

जेवताना सरळ विचारलं, "काल कुठे गेला होतात?"

"असोसिएशनचं काम होतं."

"गाझियाबादला?"

"तिथेही पेन्शनर असतात, प्रमोदिनी."

"आणि त्यांना संत्री लागतात?"

विलासरावांनी आमटीची वाटी तोंडाला लावली ती लवकर खाली आणलीच नाही.

गाझियाबादला कोण राहतं हे काय प्रमोदिनीबाईंना माहीत नव्हतं? देवयानी राहते, आणि तिची आई. देवयानीचे वडील तात्याराव तिथल्या कारखान्यात मॅनेजर होते; गेल्या वर्षी अचानक गेले. त्यानंतर महिन्याभरानं देवयानीच्या आईचा फोन आला होता. रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "आशय-देवयानीच्या लग्नाची कॅसेट तुमच्याकडे आहे ना? शूटिंग तुम्हीच ठरवलं होतं, आमच्याकडे कॉपी आलीच नाही. यांना फोटो काढायची हौस, त्यामुळे कॅमेरा कायम यांच्याच हातात. हे चालताबोलताना फक्त त्याच कॅसेटमध्ये आहेत हो. एकदा बघायची होती." प्रमोदिनीबाईंनी सांगून टाकलं, "कॅसेट? ती कधीच रद्दीत गेली." खोटं नव्हतं ते. घटस्फोटानंतर त्यांनी अल्बम फाडले, रुखवतातली भांडी वाटून टाकली, आणि कॅसेट रद्दीत घाला म्हणून विलासरावांच्या हातात दिली होती.

आता त्यांना एकदम उमगलं, की विलासरावांनी ती घातलीच नव्हती. कुणाचा हात लागू नये म्हणून वर पेन्शनर मेळाव्याची चिठ्ठी डकवली होती. सरकारी डोकं ते! जगातली कुठलीही वस्तू सुरक्षित ठेवायची तर तिला सगळ्यात कंटाळवाणं नाव द्यावं, हे त्याला बरोबर ठाऊक.

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे हा माणूस आपल्या पाठीमागे, आपल्याच घरात बसून, तिकडची कामं करतोय! पण भांडण काढलं नाही. रविवारपर्यंत घरात वादळ नको होतं. पुरावा हातात आला की मगच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं.

पुरावा शुक्रवारी फोनवरून आला. विलासराव हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. नोव्हेंबर महिना, पेन्शनरांची ही मोठी रांग. दोन तास तरी परत येणार नव्हते. फोन वाजला.

"काका आहेत?"

आवाज ऐकताच प्रमोदिनीबाई ताठ झाल्या. "बाहेर गेलेत. कोण?"

"मी देवयानी बोलतेय, काकू."

एकेकाळी ती आई म्हणायची.

"बरं झालं तुम्हीच भेटलात," देवयानी म्हणाली. "काकांनी गेल्या रविवारी डिस्क आणून दिली. आमच्या प्लेअरवर लावली, काही नाही. शेजारी नेली, काही नाही. काल कंप्यूटरवालेके यहाँ दाखवली, तो म्हणाला मॅडम, ये तो खाली है. आई पाच दिवस रोज विचारतेय, लागली का, लागली का. नवी साडी नेसून बसली होती ती रविवारी. द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतंत, काकू. पुसून रिकामी कशाला पाठवलीत?"

"मी?" प्रमोदिनीबाईंचा आवाज चिरकला. "मी पुसली? अगं, मला या सगळ्याचा पत्तासुद्धा नाही!"

"तुमच्या घरात तुम्हाला पत्ता नसलेलं काही असतं का?" देवयानी शांतपणे म्हणाली, आणि फोन ठेवला.

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं बाईंना. न केलेल्या गोष्टीचा आळ! उभ्या आयुष्यात दुसऱ्यांवर संशय घेण्याचं काम त्यांचं; आपल्यावर कुणी घेतला की कसं लागतं, हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं. त्या तरातरा रेकॉर्डरपाशी गेल्या. विलासरावांनी एक कॉपी स्वतःसाठी ठेवली असणार, त्याशिवाय हा माणूस कागदसुद्धा पुढे पाठवायचा नाही. रेकॉर्डरचा खण उघडला तर खरंच आत डिस्क. शेजारी वहीच्या कागदावर नंबर घालून सूचना: 'एक, टीव्ही एव्ही-दोनवर ठेवणे. दोन, डिस्क मेनू दाबणे.' बाईंनी एक ते पाच सगळ्या सूचना पाळल्या.

आणि डिस्क लागली! व्यवस्थित लागली. पडद्यावर चौकोनच चौकोन आले. एकूण सतरा तुकडे होते.

पहिल्यात तात्याराव मांडवाच्या दारात अत्तर लावत होते. दुसऱ्यात फेटा नीट बसेना म्हणून स्वतःवरच हसत होते. तिसऱ्यात खुर्च्या कमी पडल्या म्हणून केटरिंगवाल्याला आपल्या मराठमोळ्या हिंदीत झापत होते, "अरे भय्या, पाव्हणे क्या खडे खडे जेवेंगे?" सगळीकडे तात्याराव, कुठे देवयानी, तिची आई. आशय कुठेच नाही. विलासरावांनी मिनिटामिनिटाला रेकॉर्डिंग थांबवून, पुन्हा चालू करून, आपल्या मुलाला त्याच्याच लग्नातून वगळलं होतं. किती दुपारी बसले असतील! प्रमोदिनीबाईंना राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण तात्यारावांचं ते फेट्यातलं हसणं बघून त्यांचाही ओठ हलला, हे त्यांनी कुणापाशी कबूल केलं नसतं.

सतरावा तुकडा झालीचा होता. पाठवणीच्या आधी मुलीकडचे पेटत्या दिव्यांची वेताची झाल सासरच्या एकेकाच्या डोक्यावर धरतात आणि लेक त्यांच्या हवाली करतात, तो विधी. झाल आता प्रमोदिनीबाईंच्या डोक्यावर होती. जांभळी पैठणी, नथ, कपाळावर घाम. समोर तात्याराव हात जोडून उभे. गडी दिवसभर हसत होता, आता ओठ थरथरत होते.

"विहीणबाई," ते म्हणत होते, "पोर फार बोलत नाही माझी. सहज तक्रार करणार नाही. पण कधी आलीच काही सांगायला, तर एवढं करा, तिचं ऐकून घ्या."

आणि पैठणीतली प्रमोदिनी खणखणीत आवाजात म्हणाली, "तुम्ही बिल्कुल काळजी करू नका. आधी तिचं ऐकेन, मग माझ्या लेकाचं!" सगळे हसले. तात्याराव हसले आणि रडले. तुकडा संपला.

प्रमोदिनीबाईंनी तो पुन्हा लावला. का लावला कोण जाणे. मग तिसऱ्यांदा लावला.

देवयानी आली होती सांगायला. एका सकाळी, स्वयंपाकघरात. बाई पोळ्या लाटत होत्या. ती म्हणाली, आई, आशयचं ऑफिसात कुणाशीतरी आहे. बाईंनी लाटणं थांबवलंसुद्धा नव्हतं. "तुझा स्वभाव संशयी आहे, देवयानी. औषध नाही त्याला," एवढंच म्हणाल्या होत्या. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग आत गेली. त्यानंतर तिनं कधीच काही सांगितलं नाही.

कुलूप वाजलं. विलासराव आत आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली पिशवी तशीच टाकून ते रेकॉर्डरकडे धावले.

"पुसलंस?"

बत्तीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसालाही पहिली शंका हीच आली होती.

"नाही पुसलं," त्या म्हणाल्या. "तिचा फोन आला होता. तिकडे डिस्क लागत नाही. रिकामी आहे म्हणाली. मीच पुसली म्हणाली."

"लागत नाही? इथे तर लागते!" विलासरावांनी माहितीपुस्तक काढलं. लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेली पानं उलटता उलटता एका ओळीवर बोट थांबलं. डिस्क दुसऱ्या मशीनवर चालायची तर आधी फायनलाइज करायला हवी. ते मटकन खुर्चीत बसले. "विचारलं होतं यानं मला. फायनलाइज करू का, नंतर बदल करता येणार नाही, असं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं."

"का पण?"

"दुरुस्तीला जागा ठेवावी माणसानं. चौतीस वर्षं तेच केलं." मग हळूच म्हणाले, "आणि तो शेवटचा तुकडा. ठेवावा की नाही, माझं ठरत नव्हतं. वाटलं, तुला कळलं तर निदान काढून टाकता येईल. आत्ताही निघेल. डिलीट म्हटलं की झालं. तिच्या आईला तात्याराव बघायचेत, ते बाकी सोळांत आहेतच."

त्यांनी रिमोट पुढे केला. प्रमोदिनीबाईंनी तो घेतला. सतराव्या चौकोनावर पिवळी चौकट लुकलुकत होती. एक बटण दाबायचं होतं फक्त. गाझियाबादला कुणाला काही कळलं नसतं, आणि रविवारी चहा-पोहे सुरळीत झाले असते.

"त्यात तात्याराव सगळ्यात जास्त बोललेत," त्या म्हणाल्या. "राहू दे. कर ते तुमचं फायनलाइज."

रागात आणि गहिवरात त्यांना अहो-जाहो सांभाळता येत नसे. विलासरावांनी बटण दाबलं. मशीन चार मिनिटं घरघरत राहिलं. दोघंही त्याच्याकडे बघत बसले, एकमेकांकडे नाही.

डिस्क बाहेर आल्यावर बाईंनी स्वतःच गाझियाबादचा नंबर फिरवला. विलासरावांना काही कळायच्या आत पलीकडून देवयानीचा आवाज आला.

"प्रमोदिनीकाकू बोलतेय. डिस्क पुसलेली नव्हती, गं. मशीनमध्ये एक गोष्ट करायची राहिली होती काकांकडून. आता इथल्या कॉपीवर झाली. ती तुमच्याकडे लागेल."

"बरं."

"मी पाहिली ती. सगळी."

बाईंनी फोनच्या वायरीचे बोटाभोवती वेढे दिले. आता थांबलं तर पुन्हा होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तू तेव्हा सांगितलंस ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "मी ऐकायला हवं होतं."

"ते खरं होतं हे मला माहीत आहे, काकू." देवयानीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त जड गेलं. "तुम्हाला कधी कळलं?"

आज, आत्ता, ही डिस्क बघून, असं म्हणता आलं असतं. सोपं होतं. पण एप्रिलात हेमांगी पहिल्यांदा घरी आली होती, सोफ्यावर बसून मोकळेपणानं म्हणाली होती की या ऑफिसात मला चार वर्षं झाली, आशय आणि मी पहिल्यापासून एकाच टीममध्ये. चार वर्षांपूर्वी तर देवयानी या घरची सून होती. भाजीवाल्याला भेंडीचं देठ मोडून दाखवायला लावणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी तेव्हा एकही प्रश्न विचारला नव्हता. चहा टाकते म्हणून त्या उठल्या होत्या आणि गॅसपाशी उगाचच बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या.

"एप्रिलात," बाई म्हणाल्या. "ती पहिल्यांदा घरी आली तेव्हाच."

पलीकडे देवयानीनं एक मोठा श्वास सोडला. मागून तिच्या आईचा आवाज आला, कोण आहे गं, लागली का?

"मी उद्या डिस्क घेऊन येते," प्रमोदिनीबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मी स्वतः येते. तुझ्या आईशीही बोलेन."

"नको, काकू," देवयानी म्हणाली. "काकांनाच पाठवा."

फोन बंद झाला. प्रमोदिनीबाई रिसीव्हर हातात धरून उभ्या होत्या. विलासराव डिस्क कागदात गुंडाळत होते, ते थांबले.

"काय म्हणाली?"

"सकाळी लवकर निघा," बाई म्हणाल्या. "ती माउली वाट बघत असेल."